खंडेनवमीचा भंडारा

खंडेनवमीला शाळेच्या शिपाई म्हाळसाबाईंनी संगणकाचीही पूजा केली आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत सीपीयूवर मूठमूठ भंडारा उधळला. सुट्टी संपल्यावर संगणक काही केल्या चालू होईना. दहावीच्या पोरींचे सहामाहीचे सगळे प्रकल्प त्यातच होते.

संगणक शिकवणाऱ्या पूनम मॅडमनी पोरींसमोरच सीपीयूचा डबा उघडला. आत पंख्यापासून मदरबोर्डपर्यंत सगळं पिवळंधमक!

"माज्या हातनं पोरींचं समदं गेलं की वो मॅडम," म्हाळसाबाईंचा पदर डोळ्यांना लागला.

मॅडमनी हार्ड डिस्क काढली, हलक्या हाताने पुसली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली. एकेक करत सगळे प्रकल्प पडद्यावर आले.

म्हाळसाबाईंनी हात जोडले. "म्हंजी कुडी गेली, पर आतलं समदं दुसऱ्या कुडीत जागं झालं! कीर्तनात म्हाराज ह्येच तर सांगत्यात की!"

हार्डवेअर वेगळं आणि डेटा वेगळा, हे पोरींना महिनाभर सांगून मॅडमचा घसा बसला होता. त्यांनी पंख्यावरचा भंडारा चिमटीत घेतला, म्हाळसाबाईंच्या कपाळी लावला आणि त्या वर्गाकडे वळल्या.

"लिहून घ्या गं पोरींनो."