सरांचा मृत्युलेख

"मेलेल्याचं खोटं गाऊ नये, पोरी," आत्या म्हणायची. गावात कुणी गेलं की ती त्याच्या दारात बसून, हेल काढून त्याचं सगळं आयुष्य गायची आणि अख्खी आळी डोळ्यांना पदर लावायची.

कॉलेजात आम्हाला पत्रकारिता शिकवणारे दाभोळे सर मात्र जिवंतपणीच स्वतःचं गाऊन घेत. वर्तमानपत्रं मोठ्या माणसांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात, म्हणून दरवर्षी वर्गाला सरावासाठी सरांचाच मृत्युलेख! ज्याचा उत्तम, त्याच्या नोकरीसाठी सर शिफारस करणार.

त्या दिवशी एकेक जण उभा राहून आपला लेख वाचत होता आणि सर डोळे मिटून ऐकत होते. कुणी त्यांना वटवृक्ष केलं, कुणी दीपस्तंभ. दीपस्तंभावर मान डोलली.

"निर्भीड राहिलं रे," सर मध्येच म्हणाले. "निर्भीड घाल."

वाचणाऱ्या पोरानं निमूट घातलं. मला त्या दोघांचीही किळस आली, आणि माझीही. कारण शिफारस मलाही हवी होती, आणि माझ्या कागदावरही दीपस्तंभच होता.

"हं, बागुलबाई, आता तुम्ही मारा आम्हाला," सर हसले.

मी उभी राहिले. कागदाकडे बघवेना. तो पालथा घातला आणि तशीच बोलू लागले.

"दाभोळे सर गेले. वीटभट्टीवरच्या मुलांची जी बातमी त्यांच्या नावानं गाजली, ती मी लिहिली होती."

सरांचे डोळे खाडकन उघडले. "हे आत्ता सांगतेस?"

"सर हयात होते तोवर धीर झाला नाही."