गरम पाव, गुलाबी पाणी

टेबलावर सात टाइप केलेले कागद होते, सात कप होते आणि तेरा बिस्किटं. चौदावं घड्याळवाल्या काकांनी दारातच तोंडात टाकलं होतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत लेखनमंडळाचा खेळ रंगात आला होता. विषय होता 'आपलं माणूस'. कागदावर नाव घालायचं नाही. ग्रंथपाल काकू वाचणार आणि बाकीच्यांनी लेखक ओळखायचा. चार कागद झाले होते.

ओळखायची युक्ती तराजूची. ती प्रयोगशाळेत कामाला होती, आणि शब्दसुद्धा मोजूनमापून वापरायची, म्हणून मंडळाने तिला हे नाव ठेवलं होतं. पहिल्याच बैठकीत तिने सांगून टाकलं होतं, की माणूस उपमा शोधायला लांब जात नाही, हाताशी असेल ती उचलतो. काकांच्या कागदात काटे आणि चाव्या, नर्सताईंच्या कागदात नाडी आणि ताप. हा नियम आजवर एकदाही चुकला नव्हता.

आज मात्र तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. बेकरीवाल्याला त्याच्या मामांनी परगावचं दुकान चालवायला बोलावलं होतं, आणि उत्तर आजच द्यायचं होतं. दर बैठकीनंतर ती दोघं कप विसळायची आणि एकमेकांच्या कामाच्या गप्पा मारायची. "इथं थांबायला तसं काही कारण नाही," असं तो मघाशी चहा ओतताना म्हणाला, आणि तराजूने स्वतःच्या कपात दोनदा साखर घातली.

काकूंनी पाचवा कागद उघडला.

"माझं माणूस समोर आलं की मनाचं झाकून ठेवलेलं पीठ होतं. वरून काही दिसत नाही, पण आत फुगणं चालूच. त्याचं हसू म्हणजे भट्टीतून काढल्या काढल्या कापलेला पाव. वाफ थेट डोळ्यांत."

पुढे असंच पानभर.

"सापडलास रे बेकरीवाल्या!" काका ओरडले. "कोण आहे ती?"

"पण गरम पाव कोण कापतं?" बेकरीवाला पुटपुटला. "लगदा होतो त्याचा."

"प्रेमात सगळ्यांचाच होतो!"

खोली हसून हसून लोळली.

"तराजू, तू सांग गं," काकू म्हणाल्या.

"सहा उपमा," तराजू कपात बघत म्हणाली. "सहाही पिठाच्या नाहीतर भट्टीच्या. नियमाप्रमाणे बेकरीवाला."

तिचे कान लाल झाले होते. शेजारच्या नर्सताईंनी ते पाहिलं आणि हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला.

सहावा कागद.

"काचेच्या नळीतून थेंब थेंब पडत राहावा आणि खालच्या पाण्याला काहीच होऊ नये, तसे माझे दिवस चालले होते. मग माझं माणूस एक हाक मारतं. तो शेवटचा थेंब. सगळं पाणी गर्द गुलाबी!"

सगळ्या माना एकदम वळल्या.

"अगं बाई!" नर्सताईंनी पाठीवरचा हात काढून तोंडावर ठेवला. "तराजू, तूसुद्धा?"

"गर्द नाही चालत," तराजू कशीबशी म्हणाली. "फिकटच हवं. गर्द झालं म्हणजे थेंब जास्त पडला."

"घ्या! स्वतःच्याच चुका काढतेय!" काकांनी टाळीसाठी हात पुढे केला, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बेकरीवाल्याकडे बघत होती.

बेकरीवाला खुर्ची मागे सारून उठला. "मामांना फोन करून येतो."

बाहेरून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "नाही जमणार, मामा... नाही, इथंच... हो, कारण आहे."

खोलीत एकच जल्लोष झाला. तो आत आला तेव्हा तराजू हसत होती आणि ते हसू तिला काही केल्या आवरत नव्हतं.

"सातवा माझा, तो काय ओळखायचाय," काकू म्हणाल्या. "चला, निकाल लावू. आपापला कागद उचला."

सगळे उठले. टेबलावर हातांची गर्दी झाली. बेकरीवाल्याने गुलाबी पाण्याचा कागद उचलला आणि घडी घालून खिशात ठेवला. तराजूने गरम पावाचा.

काकूंनी फळ्यावर लिहिलं: सातपैकी पाच बरोबर.