कुंचोरोची गाडी

“उघडा,” कुंचोरो म्हणाला. “सगळ्यांच्या देखत उघडा, म्बाह.”

चढावरून मोटरसायकल ढकलत आणताना तो घामाघूम झाला होता. म्बाह सुपार्जोंनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीकडे नीट पाहिलं.

डोंगराच्या या उतारावर जेवढे म्हणून मेकॅनिक होते, ते सगळे सुपार्जोंच्या हाताखाली शिकलेले. म्हणून सगळे त्यांना म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणत. नऊ वर्षांपूर्वी वेनिंगला दफन करून परतताना म्बाहनी या सगळ्यांकडून एकच शब्द घेतला होता: कुंचोरोच्या गाडीला कोणी पाना लावायचा नाही. कोणी लावला नव्हता.

वेनिंग त्यांची नात. आईबाप जकार्ताला कामाला, पोर म्बाहच्या गॅरेजात वाढलेली. सात वर्षांची होती. त्या सकाळी मुलांना रस्ता ओलांडू द्यावा म्हणून कुंचोरो शाळेसमोर थांबला होता. गाडी पहिल्या गियरमध्ये होती. ती एकाएकी पुढे उसळली आणि वेनिंगवर गेली.

“मी क्लच दाबून धरला होता,” कुंचोरो तेव्हा म्हणाला. पुढची नऊ वर्षं तो तेच म्हणत राहिला.

क्लच दाबला की इंजिनाचा आणि चाकाचा संबंध तुटतो, हे म्बाहनी कितीतरी पोरांना हाताला धरून शिकवलं होतं. दाबला असता तर गाडी उसळली कशी? आणि तो क्लच खुद्द त्यांनीच आदल्या दुपारी बसवलेला. ती दुपार त्यांना लख्ख आठवत होती: रॉकेलच्या ताटलीत धुऊन ठेवलेले एकेक भाग, ताटलीशेजारी उकिडवी बसून बडबडणारी वेनिंग. कुंचोरो घाईत होता, त्यानं ॲक्सिलरेटर पिळला आणि मेलेल्या पोरीसमोर खोटं बोलला. बाकी कोणाला शंका असेल, म्बाहना नव्हती.

“आजच का आलास?” म्बाहनी विचारलं.

“मुलीला मागणी आली होती. पाहुण्यांनी विचारलं, तो खोटारडा तूच का? चहाला हात न लावता उठले.” कुंचोरोनं तोंड पुसलं. “आत सगळं ठीक निघालं, तर याच अंगणात खोटारडा म्हणवून घेतो आणि बायकापोरांना घेऊन गाव सोडतो.”

“आणि नाही निघालं तर?” म्बाहचा सगळ्यात जुना शिष्य गियांतो म्हणाला.

“तर म्बाहनी एकदा म्हणावं, कुंचोरो खरं बोलला.”

“एवढं होतं तर गाडी डोंगराखाली न्यायचीस. तिथले मेकॅनिक थोडेच आमच्या शब्दाला बांधलेत?”

“तिथवर जायला आधी क्लच नको का, गियांतो?”

दोघंतिघं हसले. म्बाह हसले नाहीत. त्यांचा हात खिशाकडे गेला. तिथं रुमालाच्या गाठीत एक छर्रा, गोल पोलादी गोळी, असे. वेनिंगच्या गणवेशाच्या खिशात चिंचेच्या दोन बियांबरोबर सापडलेला. गोट्या खेळायला ती गॅरेजातले सायकलचे छर्रे नेहमीच पळवायची. राग अनावर झाला की म्बाह ती गाठ चाचपत.

“सगळ्यांना बोलवा,” ते म्हणाले. “आज शेवटचा धडा.”

अंगण भरलं. म्बाहनी तेल काढलं, झाकण उतरवलं, स्प्रिंगा सोडवल्या. या दिवसाची त्यांनी मनात शंभर वेळा उजळणी केली होती. एकेक प्लेट बाहेर काढून ते सगळ्यांसमोर धरू लागले.

“बघा. अस्तर झिजून कागद झालंय. ही प्लेट काळी पडली, ही तर वाकली. अर्ध्या क्लचवर गाडी हाकणारा माणूस असाच असतो. हातात धीर नाही.”

“नऊ वर्षं मीच तार ताणत आलो,” कुंचोरो म्हणाला. “स्क्रू पार शेवटापर्यंत आत घेतला. तरी कधी सुटतो, कधी नाही. पुढे कोणी दिसलं की इंजिनच बंद करतो.”

“इंजिन नको, तोंड बंद कर,” मागून कोणीतरी म्हणालं.

म्बाहनी पोकळ शाफ्टातली आखूड दांडी ओढून काढली. तिचं टोक जळून निळं पडलं होतं. त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली. पण शिकवण्याची सवय जुनी, त्यांनी न बघताच विचारलं, “गियांतो, आता काय येईल?”

“छर्रा, म्बाह. लिव्हर दाबला की लांब दांडी छर्ऱ्याला ढकलते, छर्रा आखूड दांडीला, मग प्लेटा सुटतात.” शाळेतल्या पोरासारखा गियांतो घडाघडा म्हणाला. “छर्रा नसेल तर दांडी अपुरी पडते. क्लच दाबूनही सुटेल याचा भरवसा नाही. म्हणून झाकण लावण्याआधी छर्रा आत आहे ना, ते पाहायचं. तुम्हीच शिकवलंत.”

“गाडी कलवा.”

दोघांनी गाडी कलती केली. म्बाहनी शाफ्टाच्या तोंडाखाली तळहात धरला. तेलाचे दोन थेंब पडले. त्यांनी पान्यानं हळूच ठोकलं. आणखी एक थेंब पडला.

“अजून कलवा.”

लिव्हरच्या बाजूनं गियांतोनं लांब दांडी पुढे सारली. तिचं टोक दिसलं. तेही निळं होतं, दांडीवर दांडी घासून.

“म्बाह,” गियांतो हळूच म्हणाला, “हा क्लच तुमच्यानंतर कोणीच उघडला नाहीये.”

म्बाहनी मान हलवली. कुंचोरोकडे त्यांनी पाहिलं नाही. रुमाल काढला, दातांनी गाठ सोडवली, लांब दांडी मागे घ्यायला आणि गाडी उलट बाजूला कलवायला लावली आणि तो छर्रा शाफ्टाच्या तोंडाशी ठेवला.

छर्रा कुठंही न अडता आत घरंगळला आणि लांब दांडीच्या टोकावर टक्कन जाऊन टेकला.