फक्त अमरावती

उद्धवनं हबीबचा पासपोर्ट खिडकीशी नेला आणि शिक्का तिसऱ्यांदा वाचला. व्हिसाची मुदत पंधरा दिवस वाढली होती. गावाच्या जागी मात्र ‘फक्त अमरावती’ एवढंच.

“हबीब, यात अकोला कुठं हाये बे?”

हबीबनं चहाची बशी खाली ठेवली. “नाई?”

“नाई. म्हंजे तुले अकोल्याले जाताच येत नाई. गेला तर पोलीस पकडतीन.”

“घ्या! आता रशीदभाईले काय सांगू?” हबीबनं कपाळाला हात लावला.

रशीद म्हणजे हबीबचा थोरला भाऊ, अकोल्याचा कापडवाला. हबीब बारा वर्षांपूर्वी कराचीला गेला होता, आणि यंदा, एकोणसाठ साली, महिन्याच्या व्हिसावर आला तो थेट भावाकडे. आज चुलत्याकडे जेवण, उद्या मावशीकडे. अमरावतीच्या शाळूसोबत्यासाठी भावानं मोठ्या मिनतवारीनं दोन दिवस सोडलं. बरोबरच आहे म्हणा. सख्खा भाऊ असताना पाहुण्यानं दोस्ताकडे मुक्काम ठोकला, तर आमच्या वऱ्हाडात तो रुसवा नातवंडांपर्यंत पुरतो.

मुदत संपत आली म्हणून हबीब इथल्याच पोलीस कचेरीत अर्ज देऊन आला होता. उद्धव तेव्हा शाळेत पोरांना भूगोल शिकवत होता.

“उद्या कचेरीत जातो,” उद्धव म्हणाला. “चूक त्यायची, दुरुस्त त्यायनंच करावं.”

गेला, पण फाटकापासूनच परत फिरला. खरं सांगायचं तर त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बारा वर्षं ज्याच्या पत्राची वाट पाहिली, तो मित्र सरकारी शिक्क्यानंच त्याच्या घरात अडकवून ठेवला होता! सरकारनं आयुष्यात एकदा तरी भलं केलं.

“साहेब दौऱ्यावर हायेत,” त्यानं घरी येऊन थाप मारली.

“असू दे,” हबीब म्हणाला.

त्यानं भावाला शिक्क्याची अडचण पत्रानं कळवून टाकली. चार दिवस तेच. साहेब दौऱ्यावर, आणि हे दोघं गावभर. जुनी शाळा पाहिली, नत्थुजी मास्तरांच्या छडीची आठवण काढून पोट धरून हसले. रात्री सिंधूवहिनीच्या हातची भाकर आणि ठेचा. बारा वर्षं कराचीत काढूनही हबीबची वऱ्हाडी जशीच्या तशी होती.

पाचव्या संध्याकाळी मात्र हबीब गप्प झाला. ओट्यावर बसून नुसता रस्त्याकडे बघत राहिला. जेवायला हाक मारली तरी लवकर उठेना.

सिंधूला नवऱ्याची थाप ठाऊक होती. ती आत येऊन हळूच म्हणाली, “भावजींले भावाची याद येऊन राहिली. पुन्हा येनं होते का नाई, कोनाले मालूम? तुमी काहून त्यायले अडकवून ठेवता? पाप लागन.”

उद्धवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण दोस्त म्हणवतो आणि भावाभावाच्या आड येतो!

सकाळी त्यानं शाळेतून रजा घेतली, फळीवरचा पासपोर्ट गुपचूप उचलला आणि कचेरी गाठली. हबीबला एकदम खूश करून टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

“तुमच्या चुकीपायी भावाभावाची ताटातूट झाली,” तो खुशालराव कारकुनावर तणतणला.

“माह्या टेबलावर चूक होत नाई, मास्तर,” खुशालराव चष्म्यावरून बघत म्हणाले. “आता साहेबाची मर्जी.”

साहेबाची मर्जी सांभाळण्यात तीन दिवस गेले. उद्धवनं हात जोडले, विनवण्या केल्या, बाकावर बसून दुपारी काढल्या. शेवटी नवा शिक्का बसला : अमरावती आणि अकोला. मुदतीचे अजून सात दिवस उरले होते. उद्धव धावतच तारघरात गेला आणि त्यानं रशीदला तार केली : ‘शिक्का दुरुस्त, येऊन घेऊन जा.’

दुसऱ्या दिवशी पहिल्याच मोटारीनं रशीद हजर. दारात टांगा उभा.

उद्धवनं दोघांसमोर पासपोर्ट उघडला. “वाच बे!”

हबीबनं वाचलं. बराच वेळ वाचलं. रशीदनं मात्र उद्धवला मिठी मारली. “भाई असावा तं असा! आठ दिवस घर सुनं सुनं लागत होतं.”

हबीबनं मुकाट्यानं कपड्यांची पेटी भरली. सिंधूनं भाकरी बांधून दिल्या. उद्धवचे डोळे भरून आले होते, पण छाती फुगली होती. मैत्री अशी निभवावी लागते.

रशीद टांग्यात चढून बसला. हबीब परत फिरला, उद्धवच्या गळ्यात पडला आणि भावाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला,

“कचेरीची चूक नव्हती, लेका. अर्जात अकोला मीच लिहलं नव्हतं.”