मुखवटेवालीचं शेवटचं रीळ

“एकही प्रत ठेवायची नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “निगेटिव्ह, प्रिंट, मुखवटा, कोट. सगळं या टेबलावर.”

समोर बसलेल्या गृहस्थांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. ते दातांच्या कवळ्या बनवायचे, म्हणून सिनेमावेड्यांच्या मंडळात त्यांना सगळे कवळीकाका म्हणत. काकांनी डबा टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही उचलला नाही.

स्टुडिओच्या त्या ऑफिसात भिंतीवर मुखवटेवालीचं जुनं पोस्टर होतं. तो सिनेमा काकांनी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून पाहिला होता. पुढे स्टुडिओच्या गोदामाला आग लागली आणि शेवटचं रीळ जळून गेलं. तेव्हापासून सिनेमा पुलापाशी येऊन तुटायचा. पुलावर मुखवटेवाली काय करते, हे पाहिलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती.

म्हणून काकांनी ते रीळ पुन्हा केलं. भंगारातला कॅमेरा दुरुस्त करून, खऱ्या कृष्णधवल फिल्मवर, आठवेल तसं. मुखवटा कवळ्यांच्या प्लास्टरमध्ये ओतला. कोट बायकोने शिवला आणि मुखवटेवालीही तीच झाली. पुढे मंडळाच्या फलकावर खेळाची तारीख लागली, आणि कुणी काही पाहायच्या आत स्टुडिओची नोटीस दारात आली. हौशी माणसांनी आपल्या बाईला हात लावलेला स्टुडिओला खपत नसे. स्वतः त्यांनी तिला गोदामात जाळली होती, ती गोष्ट वेगळी.

“मॅडम, तीन मिनिटांचं तर आहे,” काका म्हणाले. “एक प्रत मला द्या. कुणाला दाखवणार नाही. माझी बायको आहे त्यात.”

“मुखवट्यात?”

“तिला फोटोचा भारी तिटकारा. लग्नाच्या फोटोतसुद्धा मान खाली. तोंड झाकलेलं असेल तरच उभी राहीन, म्हणाली.” काका थांबले. “मागच्या थंडीत गेली ती. हलतीचालती अशी एवढ्यातच उरलीय.”

वकीलबाईंनी घड्याळ पाहिलं.

“कोट शिवताना मशीनची सुई बोटात घुसली, नखच गेलं. आणि शेवटी तर हात वर करायचा. मग मी दात घडवतो त्याच मसाल्यातून एक नख घडवलं आणि चिकटवलं. जरा पांढरंच झालं. म्हणाली, आता बोटानेही चावेन हं तुम्हाला!” काका एकटेच हसले. “उजेड जायला आला होता, फिल्म तेवढीच होती. राहिलं तसंच.”

“नखाकडे कोण बघतंय, काका?” वकीलबाईंनी डबा आपल्याकडे ओढला. “हे बघा, घाम आम्ही गाळायचा आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसणार. तुम्हाला सूट दिली की उद्या दारात रांग लागेल. नसेल पटत, तर कोर्टात भेटू.”

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. काका शहाणे होते की दमलेले, कोण जाणे. त्यांनी हात उचलला.

“याचं काय करणार?”

“नष्ट. नियमच आहे तसा.”

जिन्यात उभं राहून काका लहान मुलासारखे रडले. वर जाणारी माणसं त्यांना वाट देऊन गेली.

वर्ष उलटलं आणि बातमी आली. परदेशातल्या कुठल्याशा वितरकाच्या अडगळीत मुखवटेवालीचं शेवटचं रीळ सापडलं! मंडळातला मेडिकलवाला दुकान उघडं टाकून काकांकडे धावत आला.

“तू चलच. ते मूळ पाहिलेला आपल्यात तू एकटाच. नकली असेल तर तिथल्या तिथे सांग, अशी बोंब ठोकतो की स्टुडिओला पळता भुई थोडी होईल.”

“माझं जाळलं त्यांनी,” काका म्हणाले. “त्यांचं खरं निघो नाहीतर खोटं, मला काय?”

पण गेले. आपल्याला बरोबर आठवत होतं का, हा किडा डोक्यातून जाईना.

थिएटर खच्चून भरलं होतं. दारात वकीलबाई उभ्या होत्या. काकांना पाहताच त्या लगबगीने खांबाआड सरकल्या. बाईंचं मन खात असेल, म्हणून काकांनीच नमस्कार केला.

सिनेमा पुलापाशी आला आणि या खेपेला तुटला नाही. काकांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. शेजारी मेडिकलवाल्याला त्यांचा हुंदका ऐकू आला. बिचाऱ्याला वडील आठवले असतील, असं त्याला वाटलं.

दिवे लागले आणि मेडिकलवाला ताडकन उठला. “टाळ्या नंतर! मूळ सिनेमा पाहिलेला माणूस इथे बसलाय. आधी त्याला विचारा!”

माइक हातोहात काकांपर्यंत आला. वकीलबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक.

“सांग ना,” मेडिकलवाला कुजबुजला. “तू केलं होतंस तसंच आहे का?”

“तंतोतंत.” काकांनी माइक तोंडाशी नेला. “हाच तो शेवट. अगदी अस्सल. मी या डोळ्यांनी पाहिलाय.”

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. काका थांबले, मग वकीलबाईंकडे वळले.

“मॅडम, याच्या प्रती काढल्यात ना?”

“हो... पुष्कळ.”

“सगळीकडे लागेल? दरवर्षी?”

“लागेल.”

“पुन्हा जळू देऊ नका म्हणजे झालं. आता तेवढा शेवट परत एकदा लावा.”

दिवे गेले. मुखवटेवाली पुलावरून चालत आली, कठड्यापाशी थांबली आणि वळून तिने हात वर केला. हात पडदाभर झाला. त्यातली चार नखं करडी होती आणि एक पांढरंशुभ्र, दातासारखं.