धुळ्याहून आणलेल्या बाई

नऊच्या धुळे गाडीतून पांढऱ्या साडीतली एकच बाई उतरली, तशी पितांबरनानांनी पुढं होऊन तिच्या हातातली बॅगच घेतली. "नर्सिंग स्कूललाच ना? चला, आधीच उशीर झालाय." बाई म्हणाल्या, हो, तिथंच. नानांनी नावबिव विचारलं नाही. एका दिवसाच्या कामाला नाव कशाला हवं?

त्या दिवशी नर्सिंग कौन्सिलची तपासणी होती. नाना मूळचे असोद्याचे, केळीवाले. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे नव्वद साली, हौसेनं जळगावात नर्सिंग स्कूल काढून बसले होते. शिकवायला चार बाई हव्यात, तिथं होत्या दोन. मान्यता गेली असती तर चाळीस पोरींची परीक्षा बुडाली असती, आणि त्यातल्या निम्म्या पोरी आईबापांनी निव्वळ नानांच्या शब्दावर गावाबाहेर पाठवल्या होत्या. त्या विचारानं आठ दिवस नानांना घास गोड लागत नव्हता. पण गडी डगमगणारा नव्हे. एक बाई भुसावळहून उसनी आणली, दुसरी धुळ्याच्या एका ओळखीच्या दवाखान्यातून मागवली. तपासणी झाली की ज्या त्या आपापल्या घरी, मिटलं काम.

जीपमध्ये नानांनी बाईंची शिकवणीच घेतली. कधीपासून आहात विचारलं तर दोन वर्षं म्हणायचं. राहता कुठं, तर होस्टेलात. उगाच जास्त बोलायचं नाही. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, लायब्ररीतली पुस्तकं तरी आपली आहेत का. नाना मनमोकळे हसले. अर्धी शेजारच्या कॉलेजची, म्हणाले, आणि हाडांचा सापळा तर अख्खाच त्यांचा.

"आणि मुली वॉर्डात जातात?" बाईंनी विचारलं.

नाना एकदम गंभीर झाले. "रोज. सकाळी सहाला दवाखान्यात हजर असतात. त्यात लबाडी नाही, बाई. ह्या पोरी खरंच शिकतायत हो."

बाई उतरून पुढं गेल्या तसा चिंधा ड्रायव्हर नानांच्या कानाशी लागला. "नाना, बाई हुशार शे." हुशार माणूस हेरून आणायला आपल्यासारखी नजर लागते, असं नानांना मनोमन वाटलं.

आणि बाई होत्याच तशा. प्रिन्सिपॉल धुरपदाबाई, निवृत्त मेट्रन, त्यांना जागा दाखवत होत्या, तर ह्या थेट वर्गातच शिरल्या. एक पोरगी ब्लडप्रेशरचा पट्टा ढिला बांधत होती. बाईंनी तिचा हात धरून तो पुन्हा बांधून घेतला, मग एकेकीला पुढं बोलावून नाडी मोजायला लावली. अर्ध्या तासात पोरी अशा रंगल्या की घंटा झाली तरी कुणी उठेना. धुरपदाबाईंनी नानांना कोपऱ्यात गाठून सांगितलं, ह्या बाईला सोडू नका.

नानांनी तिथल्या तिथं विषय काढला. ऑर्डर आजच काढतो म्हणाले, कायमची.

"आधी आजचं पार पडू द्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "मग बघू."

साडेअकराला सरकारी जीप आली. चष्मेवाले एक साहेब उतरले. पारोळ्याजवळ गाडी बंद पडली म्हणून उशीर झाला म्हणाले, आणि त्यांनी विचारलं, सगळे पोचले ना. सगळे कधीचे हजर आहेत, नानांनी ठणकावून सांगितलं.

साहेबांनी खोल्या मोजल्या, पुस्तकं मोजली, हजेरीपट चाळला. शिकवणाऱ्या तिघींना दोन-दोन प्रश्न विचारले. भुसावळची बाई जरा अडखळली, पण निभावलं. धुळ्याच्या बाईंपाशी आले आणि साहेब गप्पच झाले. नाना लगेच मदतीला धावले.

"ह्या आमच्या सगळ्यात जुन्या. पहिल्या दिवसापासून आहेत."

"असं का," साहेब म्हणाले आणि त्यांना खोकला आला. बाई हजेरीपटात बघत होत्या. बाईंचा रुबाबच असा, की साहेबाची बोलतीच बंद झाली. नाना आतून खूश झाले. आता मान्यता कुठं जात नाही. संध्याकाळी असोद्याला जाऊन पोरींच्या आईबापांना स्वतः सांगायचं, हेही त्यांनी ठरवून टाकलं.

चार वाजता मंडळी ऑफिसात जमली. चहा झाला. नानांनी आपली खुर्ची साहेबांपुढं सरकवली, पण साहेब काही बसेनात. त्यांनी फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि नानांना वळसा घालून ते धुळ्याच्या बाईंसमोर अदबीनं जाऊन उभे राहिले.

"मॅडम, तुमचं सगळं बघून झालं असेल तर कौन्सिलचा शेरा सांगा," साहेब म्हणाले. "मी लिहून घेतो."