पारावरचं ऊन

रावपुऱ्यातल्या देवळाचा पार समरजितने शोधला, असं सगळे फोटोग्राफर म्हणत. खरं तर लहानपणी तिथे कीर्तन ऐकताना बुवांच्या चेहऱ्यावर पडणारं तिरपं ऊन त्याने हेरलं होतं. त्यानेच जागा दाखवली. आता रोज संध्याकाळी लग्न ठरलेली जोडपी फोटोसाठी तिथे उभी राहत. आज समरजितचं शूटिंग ऐन रंगात असताना म्हातारे बुवा दाराशी थांबलेले दिसले. हातातल्या चिपळ्या त्यांनी उपरण्यात घट्ट बांधल्या होत्या. “हे काय, बुवा?” “वाजल्या तर तुझ्या कामाचा खोळंबा व्हायचा, बाळा.” “आणि कीर्तन?” “ते हल्ली मागच्या खोलीत. चौघंच तर असतो!” समरजित पाया पडायला वाकला. “अरे, कॅमेरा सांभाळ!” बुवा म्हणाले. मागून नवरी गुजरातीत ओरडली, “सर, लाइट जाय छे!” “जाऊ दे,” म्हणत त्याने कॅमेरा बाजूला ठेवला आणि मान खाली घालून उपरण्याची गाठ सोडायला घेतली.